टेड विल्यम्स : मंदावलेल्या हातांची करामत

१/ वय वाढले की फलंदाजाची नजर आधी जात नाही, आधी मंदावतात ते हात आणि पाय. अमेरिकन बेसबॉलमधील बॉस्टन रेड सॉक्सचा डावखुरा फलंदाज टेड विल्यम्स याने उतारवयात या मंदपणालाच शस्त्र बनवले. त्याची ही कथा. 🧵

२/ १९४१ साली, वयाच्या २३व्या वर्षी, विल्यम्सची सरासरी होती .४०६. म्हणजे दर १० प्रयत्नांत ४ यशस्वी फटके. ज्या खेळात १० पैकी ३ जमले तरी फलंदाज उत्तम गणला जातो, तेथे हा पराक्रम अपूर्व होता. त्यानंतर मेजर लीगच्या पूर्ण मोसमात अमेरिकन लीग वा नॅशनल लीगच्या कोणाही फलंदाजाला .४०० गाठता आलेले नाही.

३/ त्याचे बहुतेक फटके मैदानाच्या उजव्या बाजूला जात. हे हेरून १९४६ मध्ये क्लीव्हलँडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बूड्रो याने बहुतेक क्षेत्ररक्षक उजवीकडे दाटीने उभे केले. डावी बाजू जवळजवळ मोकळी! हाच व्यूह ‘शिफ्ट’ म्हणून प्रसिद्ध झाला.

४/ डावीकडे चेंडू ढकलणे सोपे होते. पण विल्यम्स मानी होता. तटबंदी समोर असली तरी तो सहसा तिच्यावरच चाल करून जाई. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला २५ प्रयत्नांत अवघे ५ यशस्वी फटके मिळाले आणि बॉस्टन हरले.

५/ पुढे दुसऱ्या महायुद्धापाठोपाठ कोरियाच्या युद्धातही त्याला वैमानिक म्हणून जावे लागले. दोन्ही मिळून कारकिर्दीची जवळपास पाच वर्षे गेली. १९५७ उजाडले तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

६/ त्या वर्षी त्याने नेहमीपेक्षा जड बॅट हाती घेतली. जड बॅट किंचित उशिरा फिरते आणि उशिरा लागलेला डावखुऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. विल्यम्सच्याच सांगण्यानुसार, असे फटके पाहून प्रतिपक्षाने शिफ्ट सैल केली. मग हलकी बॅट घेऊन त्याने उजवीकडच्या मोकळ्या फटी गाठल्या. दहा वर्षे धडका देऊन न पडलेली भिंत अशी युक्तीने विरळ झाली.

७/ त्या मोसमात ४२० प्रयत्नांत १६३ यशस्वी फटके, ३८ होम रन आणि सरासरी .३८८. आणखी ५ फटके असते, तर पुन्हा .४०० पूर्ण झाले असते! वेगवान पायांचा तरुण खेळाडू मंद टोल्यावरही धावून पहिला तळ गाठतो. विल्यम्सच्या थकलेल्या पायांना ती मिळकत दुर्मीळ होती.

८/ या यशाचा दुसरा आधार होता संयम. आपल्या आवाक्यातला चेंडू येईपर्यंत बॅट हलवायची नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नेम. पुढे आपल्या पुस्तकात त्याने स्ट्राइक झोनचे ७७ चेंडूंएवढे भाग पाडून कुठला चेंडू किती फळ देतो, हे मांडले. हात थकले तरी ही पारख थकली नाही. १९५८ मध्ये, ४०व्या वर्षी, त्याने पुन्हा लीगमधील सर्वोच्च सरासरी नोंदवली.

९/ मात्र देहाने हिशेब चुकता केलाच. १९५९ मध्ये मानेच्या दुखण्याने गोलंदाजाकडे नीट वळून पाहणेही कठीण झाले. सरासरी घसरली .२५४ वर. निवृत्तीचा सल्ला मिळाला, पण असा शेवट त्याला मान्य नव्हता. स्वतः होऊन पगारात मोठी कपात मागून तो १९६० साठी परतला आणि ३१० प्रयत्नांत २९ होम रन ठोकून गेला.

१०/ त्यातील शेवटची २८ सप्टेंबर १९६० रोजी, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर. ढगाळ दुपार, प्रेक्षक अवघे १०,४५४. आठव्या डावात बॉल्टिमोरच्या जॅक फिशरचा चेंडू त्याने उजवीकडे कुंपणापार धाडला. कारकिर्दीची ही ५२१वी होम रन, आणि तोच त्याचा अखेरचा फटका.

११/ प्रेक्षक उभे राहून त्याला हाका मारत राहिले. त्याने टोपी उंचावली नाही. खेळ बदलायला तो शिकला होता. स्वभाव मात्र त्याने अखेरपर्यंत बदलला नाही.