हृदयातला फुगा आणि उघडी वही

अँजिओप्लास्टी हा शब्द आज खेडोपाडीही ठाऊक झाला आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, धमनी जिथे अरुंद झाली असेल तिथे नळीवरचा फुगा फुगवायचा आणि रक्ताची वाट मोकळी करायची. छाती उघडावी लागत नाही. या उपचाराचा इतिहास पाहिला, तर तो कोणा एका देशाचा नाही हे आपल्या लक्षात येते.

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हातातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि क्ष-किरण चित्र काढून ते दाखवून दिले. मायदेशी त्याच्या वाट्याला उपेक्षा आली. पण निबंध छापलेला होता. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी ही पद्धत पुढे नेली. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६४ साली अमेरिकेत ओरेगन राज्यात चार्ल्स डॉटर यांनी एका वृद्धेच्या पायातील अरुंद धमनी नळीनेच रुंद केली. अमेरिकेत या पद्धतीचे फारसे स्वागत झाले नाही. ती रुजली युरोपात. जर्मनीत ती शिकलेल्या आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी तिला फुग्याची जोड दिली. रबरी फुगा अडथळ्यावर दाब न देता दोन्ही बाजूंना फुगतो. म्हणून त्यांनी ठरावीक मापापलीकडे न फुगणारा पीव्हीसीचा फुगा, झुरिकमधील घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तयार केला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयधमनीत तो प्रथम वापरला गेला.

यानंतर ग्रुंट्सिग यांनी जे केले ते आपल्याला अधिक मोलाचे वाटते. १९७९ साली त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला: यश ३२ जणांत, तर ५ जणांवर तातडीची शस्त्रक्रिया. परदेशी डॉक्टरांना बोलावून ते पडद्यावर प्रत्यक्ष उपचार दाखवत; काही बिघडले तर तेही सर्वांसमोर. त्याच वर्षी अमेरिकेत अनेक रुग्णालयांची सामायिक नोंदवही सुरू झाली.

ही रीत पुढेही उपयोगी पडली. धमनी पुन्हा आकसू नये म्हणून १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये जाळीदार स्टेंट बसवण्यात आले. १९९१ साली युरोपातील केंद्रांनी आपल्या पहिल्या १०५ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सुमारे २४ टक्के रुग्णांत स्टेंट पूर्ण बंद पडल्याचे दिसले. हा आकडा दडवला असता तर दोष कायम राहिला असता. तो जगासमोर आल्यामुळे स्टेंट बसवण्याची रीत आणि रक्त गोठू न देणारी औषधे, दोन्ही सुधारली.

प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर न आल्यास आकडे खोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. अशा वेळी त्यांना ग्रुंट्सिग यांचे उरलेले १८ रुग्ण जरूर सांगावेत.