कंपायलर वाचलेला कोड साठवून कसा ठेवतो?

सी प्लस प्लस शिकताना 'आयओस्ट्रीम' ही हेडर फाइल जोडणारी ओळ तुम्ही नक्की लिहिली असेल. दिसायला एकच ओळ, पण तिच्यामुळे कंपायलरला हजारो ओळी वाचाव्या लागतात. प्रोजेक्टमधल्या शंभर फाइल्समध्ये ती असेल, तर तेच वाचन शंभर वेळा! मग एकदा वाचलेलं साठवून ठेवता येत नाही का? येतं. कसं, ते पाहूया.

सिंटॅक्स ट्री म्हणजे काय?

कंपायलर कोड वाचून त्याचं एक झाड तयार करतो. 'अ + ब × २' यात आधी गुणाकार होतो, म्हणून झाडात बेरीज वर आणि गुणाकार तिच्या फांदीवर असतो. फंक्शन, व्हेरिएबल, क्लास अशा प्रत्येक गोष्टीला या झाडात जागा असते. यालाच सिंटॅक्स ट्री म्हणतात.

साठवण्यात अडचण काय?

हे झाड मेमरीत असतं आणि त्याचे भाग एकमेकांना मेमरीतल्या पत्त्यांनी जोडलेले असतात. प्रोग्राम बंद झाला की ते पत्ते निरुपयोगी होतात. म्हणून साठवताना पत्त्यांऐवजी क्रमांक लिहितात आणि वाचताना त्या क्रमांकांवरून झाड पुन्हा जोडतात. या प्रक्रियेला सिरियलायझेशन म्हणतात. भाषेतल्या प्रत्येक रचनेसाठी हा कोड लिहायचा, म्हणजे मोठं आणि किचकट काम. त्यामुळे आधीचा कोड वापरता आला तर बरंच काम वाचतं.

क्लँगने काय केलं?

क्लँग हा एलएलव्हीएम प्रकल्पातला कंपायलर. एलएलव्हीएमकडे बिटकोड साठवण्यासाठी 'बिटस्ट्रीम' नावाची फाइलरचना आधीपासून होती. क्लँगने आपलं झाड त्याच रचनेत लिहायला सुरुवात केली. हे आधी प्रीकंपाइल्ड हेडरसाठी झालं. पुढे मॉड्यूल्स आले, तेव्हा नवीन यंत्रणा न उभारता हाच कोड वाढवला. शिवाय क्लँग पूर्ण फाइल एकदम उलगडत नाही. जे नाव लागेल, तेवढाच भाग वाचतो.

जीसीसीला हेच का जमलं नाही?

जीसीसीनेही प्रीकंपाइल्ड हेडरसाठी जुनीच यंत्रणा वापरली होती. न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला कोणता डेटा कशाला जोडला आहे हे माहीत असतं. त्याच माहितीच्या आधारे जीसीसी मेमरीचं जणू एक चित्रच डिस्कवर उतरवतो. पण एका कंपाइलमध्ये असं एकच चित्र वापरता येतं. मॉड्यूल्समध्ये तर अनेक फाइल्स एकत्र जोडायच्या असतात. त्यामुळे सी प्लस प्लस २० च्या मॉड्यूल्ससाठी जीसीसीला वेगळा कोड लिहावा लागला. तो २०२१ मध्ये जीसीसी ११ सोबत आला.

जुना कोड वापरण्याची किंमत

प्रीकंपाइल्ड हेडर हा मुळात कॅश. तो त्याच कंपायलरने पुन्हा वाचायचा असतो. मॉड्यूलची फाइलही त्याच कोडमधून तयार होत असल्यामुळे हे बंधन तिच्यासोबत आलं. क्लँगच्या एका आवृत्तीने बनवलेली फाइल दुसरी आवृत्ती नाकारते. मूळ हेडर बदललं असेल, तर जुना प्रीकंपाइल्ड हेडरही नाकारला जातो.

गंमत म्हणजे बिटकोडही त्याच बिटस्ट्रीममध्ये असतो, पण एलएलव्हीएम ३.० पासूनचा बिटकोड नवीन आवृत्त्या वाचू शकतात. म्हणजे डबा एकच, पण टिकण्याची हमी आतल्या मालाप्रमाणे वेगळी. बिटकोडसाठी ती हमी मुद्दाम दिली आणि सांभाळली गेली; झाडासाठी नाही.

लक्षात काय ठेवायचं?

तुमची लायब्ररी इतरांना देताना फक्त तयार मॉड्यूल फाइल देऊ नका, सोर्स कोडही द्या. समोरच्याचा कंपायलर त्याला हवी तशी फाइल स्वतः बनवेल. कंपायलर अपडेट केल्यावर 'मॉड्यूल फाइल जुळत नाही' असा एरर आला, तर घाबरू नका. जुन्या फाइल्स काढून टाका आणि पुन्हा बिल्ड करा. तो फक्त कॅश होता, तुमचा कोड जिथल्या तिथे सुरक्षित आहे.