वर्धा ते सोलंग : सहकुटुंब हिमप्रवासाचे नियोजन

विदर्भातील मुलांना बर्फ ठाऊक असतो तो गोळ्याचा आणि उसाच्या रसातला. पर्वतावर पडलेला बर्फ पाहावा, त्यावर पायांना पट्ट्या बांधून घसरावे, ही हौस अलीकडे मध्यमवर्गीय घरांतही मूळ धरू लागली आहे. घरी चारचाकी असते, रस्ते पूर्वीपेक्षा रुंद झालेले असतात. मग आपलीच गाडी घेऊन हिमाचल गाठण्याचा बेत ठरतो. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवरच्या वर्ध्यातून अडीच हजार मीटर उंचीवरच्या सोलंग खोऱ्यापर्यंतचा हा प्रवास अशक्य नाही. मात्र तो सुखरूप होण्यासाठी नकाशावरील किलोमीटरपेक्षा घरातील कॅलेंडर आणि चालकाची झोप यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. बहुतेक बेत फसतात ते याच दोन ठिकाणी.

ठिकाण कोणते निवडावे?

भारतात स्कीइंगसाठी प्रामुख्याने तीन नावे घेतली जातात. काश्मीरमधील गुलमर्ग हे त्यांतील सर्वांत नामांकित. सुमारे २,६५० मीटर उंचीच्या या गावातून गोंडोला अफरवाटच्या उतारांवर जाते. उतार उत्तम असले तरी विदर्भातून गाडीने जाणाऱ्यास ते फार दूर पडते आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग हिवाळ्यात हिमवृष्टी व दरडींमुळे वारंवार बंद होतो. उत्तराखंडातील औलीचे उतार नवशिक्यांना सोयीचे आहेत. तथापि जोशीमठ येथे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर तेथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. औलीचा बेत आखणाऱ्यांनी रस्त्याचीच तयारी ठेवावी. तिसरे ठिकाण मनालीजवळचे सोलंग. येथील उतार लहान असले तरी मुलांना शिकण्यास पुरेसे आहेत, साहित्य भाड्याने मिळते आणि मनालीत राहण्याची सोय मुबलक आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्या वर्धेकर कुटुंबासाठी हेच ठिकाण अधिक व्यवहार्य ठरते.

सुट्टी आणि बर्फ यांचे जमत नाही

खरी अडचण वेळेची आहे. आपल्याकडील शाळांच्या मोठ्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. दिवाळीत सोलंगला बर्फ नसतो आणि मे महिन्यात तो केवळ उंच खिंडींत उरलेला असतो. नाताळच्या आठवड्यात गर्दी प्रचंड असते, पण उतारांवर स्कीइंगजोगा थर साचलेला असेलच असे नाही. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर हिमालयातील हिवाळी हिमवृष्टी अवलंबून असते आणि हे झंझावात कोणाच्या आरक्षणाची वाट पाहत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत बहुतांश महिना पश्चिम हिमालय कोरडाच राहिला. २०२५ मध्ये तर गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धाही अपुऱ्या बर्फामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

फ्रान्समध्ये ही सांगड शासनच घालून देते. हिवाळ्यात शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि देशाचे तीन विभाग करून ती वेगवेगळ्या तारखांना दिली जाते, जेणेकरून आल्प्सच्या रस्त्यांवर एकाच दिवशी सारा देश लोटू नये. आपल्याकडे ही सोय नाही. त्यामुळे जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा योग्य काळ साधायचा तर मुलांची शाळा बुडवावी लागते. दहावी-बारावीचे विद्यार्थी घरात असल्यास बेत पुढील वर्षावर ढकलणे इष्ट. इतरांनी शाळेची परवानगी आधीच घ्यावी.

टप्पे आणि दिवस

वर्ध्याहून बुटीबोरीमार्गे नागपूर आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग ४४ हा सरळ मार्ग आहे. मनालीपर्यंतचे अंतर सुमारे १,७०० किलोमीटर भरते. पॅरिसहून आल्प्सच्या पायथ्याशी जाणारे कुटुंब साधारण साडेसहाशे किलोमीटर कापून त्याच रात्री मुक्कामी पोहोचते. आपले अंतर त्याच्या अडीचपट आहे, हे लक्षात ठेवूनच टप्पे पाडावेत. जेवण, चहा आणि टोलनाके धरून ताशी सरासरी ५५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग गृहीत धरू नये.

पहिला दिवस : वर्धा ते सागर, सुमारे ४६५ किलोमीटर. मनसर ओलांडल्यावर पेंचचे जंगल लागते. येथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महामार्ग उंचावला आहे. पुढे सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर.

दुसरा दिवस : सागर ते आग्रा, सुमारे ४२० किलोमीटर, ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर, धोलपूरमार्गे.

तिसरा दिवस : आग्रा ते कर्नाल, सुमारे ३७५ किलोमीटर. दिल्ली शहरात न शिरता पलवल येथे परिघीय द्रुतगती मार्ग धरावा व कुंडली येथे पुन्हा महामार्ग ४४ वर यावे. या दिवसाचे अंतर मुद्दाम कमी ठेवले आहे. त्याचे कारण धुके.

चौथा दिवस : कर्नाल ते मंडी, सुमारे ३१० किलोमीटर. कीरतपूर-नेरचौक हा चौपदरी रस्ता २०२३ मध्ये खुला झाल्याने जुना वळणावळणाचा घाट बराचसा टळतो.

पाचवा दिवस : मंडी ते मनाली, सुमारे ११० किलोमीटर. बियास नदीकाठचा हा रस्ता २०२३ आणि २०२५ च्या पुरांत ठिकठिकाणी वाहून गेला होता. निघण्यापूर्वी त्याची सद्यःस्थिती विचारून घ्यावी.

मनालीत तीन पूर्ण दिवस, परतीचे पाच दिवस आणि एक राखीव दिवस असा हिशेब केल्यास चौदा दिवस होतात. राखीव दिवस हा चैनीचा नव्हे, तो बर्फाने रस्ता अडवल्यास लागतोच. ज्यांना दोन आठवडे काढणे शक्य नाही, त्यांनी टप्पे दाबून आठ दिवसांत बसवण्याचा मोह टाळावा. सेवाग्राम किंवा नागपूरहून रेल्वेने दिल्ली गाठावी, पुढे स्थानिक चालकासह गाडी ठरवावी. डोंगरातील रस्ता जाणणारा चालक मिळतो आणि घरातील कर्त्या माणसालाही सहलीचा आनंद घेता येतो.

चालकाची झोप

भाड्याच्या वा व्यावसायिक वाहनावरील चालकाने दिवसाला आठ तासांहून अधिक काम करू नये आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घ्यावी, असे २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ सांगत असे. स्वतःची गाडी चालवणाऱ्या गृहस्थाला हा कायदा लागू नव्हता; झोप मात्र त्यालाही तशीच येते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास हे शरीराच्या घड्याळानुसार सर्वाधिक ग्लानीचे. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ या समजुतीने निघालेल्या किती प्रवासांचा शेवट वाईट झाला, हे वर्धेकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर झालेल्या बस अपघातात २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत वर्ध्याचेही प्रवासी होते.

यासाठी सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा नियम घरात सर्वांसमक्ष ठरवून घ्यावा. परवाना असलेल्या दोन व्यक्ती सोबत असल्यास दर दोन तासांनी जागा बदलावी. एकच चालक असल्यास टप्पे याहूनही लहान करावेत.

धुक्याची भिंत

डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर ग्वाल्हेरपासून अंबाल्यापर्यंतचा सपाट प्रदेश अनेकदा धुक्यात बुडालेला असतो. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेल्यास धुके दाट आणि ५० मीटरच्या खाली गेल्यास अतिदाट मानतात. अशा सकाळी नऊ-दहा वाजेपर्यंत हॉटेलातून निघूच नये. वाटेत धुके गाठल्यास दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो. काच किंचित उघडी ठेवून मागच्या-पुढच्या वाहनांचा कानोसा घ्यावा. थांबायचे झाल्यास रस्त्याच्या कडेला नव्हे, तर पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात थांबावे.

उन्हाळी गाडीची हिवाळी तयारी

आपल्याकडील गाड्या ४५ अंशांच्या उन्हाला सरावलेल्या असतात. शून्याखालच्या रात्रीला नव्हे. अनेक जण रेडिएटरमध्ये साधे पाणी भरतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. निघण्यापूर्वी योग्य प्रमाणातील कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये. थंडीत बॅटरीची शक्ती घटते, म्हणून तीन-चार वर्षे जुनी बॅटरी तपासून घ्यावी. डिझेल गाडी असल्यास सपाटीवरचे डिझेल वर न नेता टाकी रिकामी होत आणून मंडी किंवा कुल्लू येथे भरावी. कडक थंडीत डिझेल दाटते.

उन्हाने कडक झालेले, बाजूंना भेगा गेलेले टायर बदलावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. बर्फावर निदान चार मिलिमीटर हवी. टायरला बांधायच्या साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्यांनाच लावायच्या असतात. बहुतेक कौटुंबिक गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळ्या बांधण्याचा सराव घरच्या अंगणात एकदा करून पाहावा. फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या केल्या आहेत. आपल्याकडे हिमवृष्टी झाल्यावर मनालीपुढे अनेकदा केवळ फोर बाय फोर वाहनांनाच सोडतात. अशा वेळी वाद न घालता गाडी मनालीत ठेवून स्थानिक वाहनाने सोलंगला जावे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग परिसरात अचानक झालेल्या हिमवृष्टीत सुमारे एक हजार वाहने अडकली आणि हजारो पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढले.

गोठलेल्या रस्त्यावर उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, ब्रेक हळुवार दाबावा. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, कारण हँडब्रेक गोठून अडकतो. बर्फात अडकल्यास इंजिन सतत चालू ठेवू नये. धुराड्याचे तोंड बर्फाने बुजले तर विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपण्यातही हाच धोका आहे.

कापूस घरी ठेवावा

वर्धा हा कापसाचा आणि खादीचा जिल्हा. उन्हाळ्यात अंगावर याहून सुखद वस्त्र नाही. परंतु बर्फात सुती कपडा घाम व पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब शोषून घेतो. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट अशी तीन थरांची रचना करावी. मोजेही सुती नसावेत. जाड बूट व बर्फाचे पोशाख वाटेतील दुकानांतून भाड्याने मिळतात. हातमोजे आणि काळा चष्मा मात्र स्वतःचा असावा, कारण बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते.

मुले, वडीलधारे आणि पहिला धडा

चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. घाटात मळमळ होऊ नये म्हणून निघताना हलका आहार द्यावा. घरच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजके पोहे, गूळ-शेंगदाणे आणि वर्ध्याचा गोरसपाक सोबत असल्यास मुलांची भूक ढाब्यावर विसंबत नाही. दमा, हृदयविकार वा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांचा मुक्काम सुमारे १,२०० मीटरवरील कुल्लूला ठेवणे हाही चांगला पर्याय आहे. पोहोचल्या दिवशीच ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून तीन हजार मीटरवर धाव घेऊ नये. एक रात्र मनालीत विसावावे.

स्कीइंगचा पहिला दिवस पडणे, उठणे आणि थांबणे शिकण्यातच जातो. पट्ट्यांची पुढची टोके जवळ व मागची दूर केली की वेग कमी होतो, हा पहिला धडा. प्रशिक्षक आणि हेल्मेट यांवर काटकसर करू नये. ज्यांना गांभीर्याने शिकायचे आहे, त्यांच्यासाठी मनालीतील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था हिवाळ्यात स्कीइंगचे वर्ग चालवते.

निघण्यापूर्वी

वाहन परवाना, नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि पुरेशी रक्कम असलेला फास्टॅग तपासावा. हिमाचलमध्ये परराज्यातील वाहनांना प्रवेशकर द्यावा लागतो. जाऊन-येऊन व स्थानिक फिरणे धरून सुमारे ३,५५० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर धरल्यास २४० लिटरच्या आसपास इंधन लागेल. घाटासाठी थोडे अधिक धरावे. मनालीतील खोली शक्यतो तारीख बदलता येईल अशा अटीवर घ्यावी. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज पाहून गरज पडल्यास दोन दिवस थांबण्याची तयारी ठेवावी. दोन दिवस उशिरा पोहोचलेल्या मुलांना बर्फ तेवढाच पांढरा दिसतो.