डेल्फ्टची भट्टी का विझली नाही?

लहान कारखाना उभारणे कष्टाचे खरे. परंतु तो पिढ्यानपिढ्या टिकविणे त्याहूनही दुष्कर होय. उद्योग कशाच्या बळावर टिकतो, याचे उत्तर हेगच्या शेजारीच वसलेल्या डेल्फ्ट नगराच्या इतिहासात सापडते.

सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमध्ये मिंग राजवट कोसळली व तेथील निळ्या-पांढऱ्या भांड्यांची आवक रोडावली. डेल्फ्टच्या कुंभारांनी ही संधी साधली. बंद पडलेल्या बीअरच्या कारखान्यांच्या इमारतींत त्यांनी आपल्या भट्ट्या लावल्या. भरभराटीच्या काळी अशा कारखान्यांची संख्या तिसांवर गेली. इ. स. १६५३ मध्ये स्थापन झालेला ‘पोर्सेलैन फ्लेस’ हा त्यांपैकीच एक.

पुढे काळ पालटला. जर्मनीत मायसेन येथे १७१० मध्ये अस्सल चिनीमातीचा कारखाना निघाला. मागाहून इंग्लंडातील वेजवुडची टणक भांडी बाजारात आली. डेल्फ्टचे कारखाने एकामागून एक बंद पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतराव्या शतकातील कारखान्यांपैकी हा एकच उरला होता. योस्ट टोफ्ट या अभियंत्याने १८७६ मध्ये तो विकत घेतला. त्याने ठिसूळ माती टाकून इंग्रजी धर्तीची टणक पांढरी माती स्वीकारली; हाताने चित्रे काढण्याची जुनी कला मात्र पुन्हा जागविली. पुढे इमारतींसाठी सजावटीच्या फरशाही तेथे होऊ लागल्या. १९१९ मध्ये कारखान्यास ‘राजकीय’ हा किताब लाभला. ती भट्टी आजही चालू आहे.

महाराष्ट्रातही हेच दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी प्रथम धजेनात. तरी त्यांनी धीर सोडला नाही. नांगरांमागून पंप आले. माल बदलत गेला, कसब वाढत गेले.

वाचकहो, १८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाज सुरीनामच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा आपल्या पूर्वजांजवळ भांडवल नव्हते. हातचे कसब होते. १९७५ च्या सुमारास आपली कुटुंबे पुन्हा समुद्र ओलांडून या देशी आली, तेव्हाही तीच शिदोरी कामी आली. आज सोनाराच्या पेढीवर वा शिवणकामाच्या खोलीत बसणारा पिता विचारतो, “माझ्यामागे हे कोण चालविणार?” टोफ्ट हा त्या कारखान्याच्या मूळ संस्थापकाच्या वंशातला नव्हता, हे त्याने ध्यानी घ्यावे. आपले मूल अन्य मार्गाने गेले, तर त्यास दोष न देता दुसऱ्या होतकरू हातास विद्या द्यावी. उद्योगाचा वारसा रक्ताने नव्हे, शिकविण्याने चालतो.