मोलीनच्या लोहाराची पेढी

पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीत तयार होणारे हिरवे ट्रॅक्टर आता आपल्याकडे आडगावातही दिसतात. बॉनेटवर झेप घेणारं हरीण आणि शेजारी नाव, जॉन डिअर. हे कंपनीसाठी शोधून काढलेलं नाव असावं असं पुष्कळांना वाटतं. पण जॉन डिअर हा हाडामांसाचा लोहार होता. ब्याऐंशी वर्षं जगलेला, नऊ मुलांचा बाप, दोनदा आगीत दुकान गमावलेला आणि कर्जापायी मुलूख सोडावा लागलेला. त्याच्या भट्टीची पेढी कशी झाली आणि पेढीची जगभर पसरलेली कंपनी कशी झाली, याची ही हकिकत.

डिअर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८०४ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या व्हर्माँट राज्यात, रटलंड इथे झाला. वडील शिंपी होते. जॉन चार वर्षांचे असताना ते वारशाच्या आशेने इंग्लंडला निघाले आणि परत आलेच नाहीत. आईने ओढाताण करून मुलं वाढवली. सतराव्या वर्षी जॉन मिडलबरीच्या बेंजामिन लॉरेन्स यांच्या भट्टीवर चार वर्षांच्या बोलीने उमेदवारीला लागले. तिथे हात बसला, आणि पुढे त्यांच्या फावड्यांचं आणि गवत उचलायच्या दाताळ्यांचं पंचक्रोशीत नाव झालं. दाताळ्याचे दात ते इतके घासूनपुसून गुळगुळीत करत की गवत त्यावरून आपसूक घसरून पडे. ही घासण्याची सवय लक्षात ठेवावी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

१८२७ मध्ये डिमेरियस लँब यांच्याशी लग्न झालं. संसार वाढला, पण धंदा बसेना. दुकान एकदा जळालं, उभं केलं, पुन्हा जळालं. घेणेकऱ्यांचा तगादा सुरू झाला, आणि त्या काळी कर्ज थकलं की कैदही होई. १८३६ मध्ये बत्तीस वर्षांच्या डिअर यांनी हत्यारं आणि सत्तरएक डॉलर बरोबर घेतले आणि पश्चिमेची वाट धरली. गरोदर बायको आणि मुलं मागे राहिली. मार्च १८३७ मध्ये चार्ल्स जन्मला, तेव्हा बाप हजारभर मैलांवर होता. लेकाचं तोंड त्यांनी पाहिलं ते पुढच्या वर्षी, कुटुंब इलिनॉयला आलं तेव्हा.

डिअर जिथे पोचले ते इलिनॉयमधलं ग्रँड डिटूर, हे रॉक नदीच्या वळणावरचं नवं गाव. वसवणारे लेनर्ड अँड्रस हेही मूळचे व्हर्माँटचे. गावात लोहार नव्हता, आणि लाकूड कापायच्या गिरणीचा दांडा मोडून काम थांबलं होतं. डिअर यांनी तडकाफडकी भट्टी उभी करून तो जोडून दिला. नव्या मुलखातलं त्यांचं पहिलं काम ते दुरुस्तीचं.

त्या मुलखाला प्रेअरी म्हणतात. झाडं तुरळक आणि पुरुषभर उंचीचं गवत. खाली गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली काळी माती, ओली झाली की आपल्या रेगुरासारखी चिकट. पूर्वेकडून आलेल्या शेतकऱ्यांजवळ ओतीव लोखंडाचे नांगर होते. व्हर्माँटच्या भुसभुशीत, वाळूमिश्रित जमिनीत ते चालत. इथे मात्र दर काही पावलांवर माती पालथी करणाऱ्या पत्र्याला लगदा बसे आणि बैल थांबवून तो खरवडावा लागे. दिवसाकाठी नांगरट कमी आणि खरवडणंच जास्त. कित्येकजण गाशा गुंडाळून परत निघण्याच्या विचारात होते. ही रड रोज भट्टीवर यायची, कारण मोडलेले, बोथटलेले फाळ डिअर यांच्याकडेच येत.

गिरणीत मोडून पडलेलं करवतीचं एक पोलादी पातं त्यांच्या नजरेस पडलं. घासून चकचकीत झालेलं. डिअर यांनी छिन्नीने त्याचे दाते उडवले, लाकडाचा ओंडका तासून त्याला नांगराच्या पाठीचा बाक दिला, आणि पातं त्यावर ठेवून, जेवढं भट्टीत मावेल तेवढंच तापवत, थोडं थोडं ठोकून वळवलं. मग घासलं, दाताळं घासत तसंच. १८३७ मध्ये नदीपलीकडच्या लुइस क्रँडल यांच्या शेतात तो नांगर चालवून पाहिला. माती पात्यावरून घसरत पालथी पडत गेली आणि तास स्वच्छ निघाला.

गोष्ट अशी सांगतात, पण तिला एक पुरवणी हवी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात डिअर यांचा १८३८ चा नांगर आहे. तिथल्या अभ्यासकाने तो तपासला, तेव्हा पोलाद फाळाला आणि पाठीचा पत्रा मात्र घासून गुळगुळीत केलेल्या घडीव लोखंडाचा, असं दिसलं. पोलादी नांगराचा प्रयोग डिअर यांच्या आधी इतरांनीही केला होता. मला यात काही कमीपणा वाटत नाही. चिकट मातीवर उतारा होता तो घासण्याचा, आणि ते कसब असणारा माणूस तिथे हजर होता.

लोखंडाच्या नांगराकडे लोकांनी आधी संशयानेच पाहिलं, हे अमेरिकेत आणि आपल्याकडे सारखंच. १७९७ मध्ये न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने ओतीव नांगराचं पेटंट घेतलं, तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला शिवेनात. शंभरएक वर्षांनी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा त्यांच्याही कानी हाच आक्षेप आला, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. डिअर यांचा खपही हळूहळूच वाढला. १८३९ मध्ये दहा नांगर, १८४० मध्ये चाळीस, १८४२ मध्ये शंभर. एक रीत मात्र त्यांनी बदलली. एरवी लोहार मागणी आली की नांगर करी, डिअर आधी करून ठेवत आणि गावोगाव नेऊन विकत. पोलाद प्रथम इंग्लंडमधल्या शेफिल्डहून मागवावं लागे, नंतर पिट्सबर्गचं मिळू लागलं.

ग्रँड डिटूरला ना बोट, ना रेल्वे. १८४८ मध्ये डिअर यांनी मिसिसिपी नदीकाठच्या मोलीनला बस्तान हलवलं. तिथे पाण्याची शक्ती होती आणि मालाला जलमार्ग होता. रॉबर्ट टेट आणि जॉन गोल्ड हे भागीदार मिळाले. पुढच्या वर्षी सोळाएक माणसांनी २,१३६ नांगर केले. टेट यांच्याशी त्यांचे खटके उडत ते एकाच कारणावरून. डिअर दर थोड्या दिवसांनी नांगरात फेरफार करत. आपण देऊ ते लोक घेतील, असं टेट यांचं म्हणणं. ते घेतलेच पाहिजेत असं नाही, आपण सुधारलं नाही तर दुसरा सुधारेल, असं डिअर यांचं. १८५२ मध्ये डिअर यांनी भागीदारांचा हिस्सा घेऊन टाकला.

कसब असलं की हिशेब येतोच असं नाही. १८५७ च्या मंदीत पेढी बुडायला आली. तेव्हा कारभार गेला तो चार्ल्सकडे, बाप परगावी असताना जन्मलेल्या त्या मुलाकडे. तो एकवीस वर्षांचा होता, शिकागोत हिशेबनिशी शिकून आलेला. थोरला फ्रान्सिस अगोदरच वारला होता. चार्ल्सने पेढी सावरली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं सांभाळली. १८६८ मध्ये ‘डिअर अँड कंपनी’ रीतसर नोंदली गेली. बाप अध्यक्ष, कारभार लेकाचा. घर आणि पेढी वेगळी नव्हतीच, जावईही त्यात होते. १८६५ मध्ये डिमेरियस गेल्या; पुढे डिअर यांनी त्यांच्याच बहिणीशी, लुसेनियाशी, लग्न केलं. म्हातारपणी दोन वर्षं ते मोलीनचे महापौर होते. १७ मे १८८६ रोजी ते वारले.

पुढची घराण्याची कहाणी भराभर सांगतो. चार्ल्सनंतर त्यांचे जावई विल्यम बटरवर्थ, मग चार्ल्सचे नातू चार्ल्स वायमन, मग वायमन यांचे जावई विल्यम ह्यूइट. १८३७ ते १९८२, एकशे पंचेचाळीस वर्षांत पाचच प्रमुख आणि पाचही घरचे. १९१८ मध्ये वॉटर्लूचा ट्रॅक्टर कारखाना विकत घेतला आणि कंपनी ट्रॅक्टरमध्ये उतरली. १९२३ चं ‘डी’ मॉडेल तीस वर्षं बनत राहिलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत शेतकऱ्यांचे हप्ते थकले, तरी कंपनीने यंत्रं उचलून नेण्याची घाई केली नाही. त्यानंतर तो ग्राहक सहसा हलला नाही. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरला मागे टाकून कंपनी शेती अवजारांत पहिली आली. भारतात ती १९९८ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत आली आणि सणसवाडी उभी राहिली. काही वर्षांनी भागीदारी सुटली, आज कारखाना पूर्णपणे डिअरचा आहे.

या वाटचालीच्या जमाखर्चात खर्चाची बाजूही मांडायला हवी. सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांना १८३२ च्या लढाईनंतर इलिनॉयमधून हुसकावलं गेलं, म्हणूनच ती जमीन नांगराला मोकळी झाली. आणि इलिनॉयच्या मूळ गवताळ प्रदेशाचा आज हजारावा हिस्साही उरलेला नाही. एका लोहाराला याचा जाब विचारणं बरोबर नाही, पण पोलादी नांगराचं कौतुक करताना हे वगळणंही बरोबर नाही.

दुसरी बाब आजची आहे. ट्रॅक्टर-हार्वेस्टरमध्ये संगणक आला, आणि बिघाड शोधायचं पूर्ण सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच हाती राहतं, आम्हाला आमचं यंत्र दुरुस्त करता येत नाही, अशी अमेरिकी शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली. २०२३ मध्ये कंपनीने तिथल्या शेतकरी संघटनेशी दुरुस्तीबाबत समझोता केला. तरी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा लावलाच, आणि त्यात वादी म्हणून खुद्द इलिनॉय राज्यही आहे. कंपनीला आरोप मान्य नाहीत. निवाडा न्यायालय करेल. माझं मत विचाराल तर ज्या पेढीची पहिली कमाई मोडलेला दांडा जोडून झाली, तिच्यावर दुरुस्ती अडवल्याचा आरोप व्हावा हे शोभत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारं त्यात घेतली होती. तेव्हा नवा ट्रॅक्टर घेताना, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, अश्वशक्ती आणि हप्ता विचारून थांबू नका. वॉरंटी संपल्यावर हा गावच्या मिस्त्रीला खोलता येईल का, आणि सुटे भाग कुठे मिळतील, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.