तळटीप १४ : कोरी बाटली

१४. मुरगूड (ता. कागल, जि. कोल्हापूर) हे वेदगंगेकाठचे गाव. त्याच्या पश्चिमेला, राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या सड्यावरून बॉक्साइट काढले गेले आहे. अशा खाणीभोवतीच्या विहिरींचे पाणी तपासताना ऊर्ध्वपातित पाण्याची एक बाटली विहिरीवर नेतात, तिथेच उघडतात, इतर नमुन्यांसारखेच आम्लाचे थेंब घालून बूच लावतात आणि सर्वांबरोबर प्रयोगशाळेत धाडतात; ती ‘कोरी बाटली’. तिच्यात ॲल्युमिनियम निघाले, तर ते बाटलीतून, आम्लातून किंवा हाताळणीतून आले असे धरून त्या फेरीचे सगळे आकडे पुन्हा तपासतात. पिण्याच्या पाण्यासाठी ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला अवघी ०.०३ मिलिग्रॅम आहे (भारतीय मानक १०५०० : २०१२), त्यामुळे चिमूटभर धूळही निकाल फिरवू शकते. पुढे येणारा ‘दुहेरी नमुना’ म्हणजे त्याच विहिरीतून लागोपाठ भरलेली दुसरी बाटली. — संपा.