गुलाबी कप्प्याचा इतिहास

सिअर्स, रोबक अँड कंपनी ही शिकागोची, टपालाने माल पाठवणारी पेढी. शिवणयंत्रापासून शेतीच्या अवजारांपर्यंत आणि काही काळ तर अख्ख्या घराच्या सुट्या भागांपर्यंत काहीही तिच्या कॅटलॉगमधून मागवता येई. १९३३पासून तिने नाताळसाठी वेगळा कॅटलॉग काढायला सुरुवात केली. खेळण्यांची पाने दुमडायची, हवे त्या चित्राभोवती पेन्सिलीने गोल काढायचा आणि पुस्तक आईबाबांच्या नजरेस पडेल असे ठेवायचे, यात अमेरिकेच्या कित्येक पिढ्यांचे बालपण गेले. एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे सिअर्सचे विसाव्या शतकातले कॅटलॉग काढून बसून त्यांतल्या सात हजारांहून अधिक खेळण्यांच्या जाहिराती तपासल्या. प्रश्न साधा होता : हे खेळणे मुलाचे की मुलीचे, हे जाहिरात सांगते का?

उत्तर मात्र आपल्या अंदाजाला धक्का देणारे आहे. पूर्वी भेदभाव जास्त, मग तो हळूहळू कमी होत गेला, असा चढता आलेख आपण मनाशी धरून चालतो. प्रत्यक्षात विसाच्या दशकापासून साठच्या दशकापर्यंत साधारण निम्मी खेळणी मुलामुलींत वाटलेली दिसतात. १९७५च्या कॅटलॉगमध्ये जवळजवळ सत्तर टक्के खेळण्यांवर असा कोणताही शिक्का नाही. आणि १९९५मध्ये प्रमाण पुन्हा निम्म्यावर, म्हणजे दोन महायुद्धांमधल्या काळाइतके. वीस वर्षांत एक समाज पन्नास वर्षे मागे गेला, आणि तेही स्त्रिया नोकऱ्यांत, न्यायालयांत, संसदेत वाढत असताना. हे कसे घडले?

आधीची वाटणी कशी होती ते पाहू. १९२५च्या सुमाराच्या जाहिरातीत खेळण्यातला झाडू आईला उद्देशून विकला जाई. छोट्या मुलीला घर झाडायला, आईचे काम आपल्या अंगावर घ्यायला आवडतेच, असे तिथे सांगितलेले असे. इरेक्टर संचाची जाहिरात म्हणे की प्रत्येक मुलाला काहीतरी खटपट करून उभारण्याची ओढ असते. या संचाने त्याची बुद्धी विकसित होईल आणि तो अभियांत्रिकीची मूलतत्त्वे शिकेल. दोन्ही जाहिराती ‘आवड’ या शब्दाशी येऊन थांबतात, पण एकीच्या आवडीतून घराला मोलकरीण मिळते आणि दुसऱ्याच्या आवडीतून देशाला इंजिनिअर.

हा इरेक्टर संच काढणारा ए. सी. गिल्बर्ट हा वल्लीच म्हणायचा. १९०८च्या ऑलिंपिकमध्ये बांबूउडीचे सुवर्णपदक, येल विद्यापीठातून वैद्यकाचे शिक्षण, आणि धंदा जादूच्या खेळांच्या पेट्यांचा. १९१३मध्ये त्याने लोखंडी पट्ट्या, नट आणि बोल्ट असलेली ही पेटी बाजारात आणली. पूल बांधा, क्रेन उभी करा. जाहिरातीत तो मुलांशी मोठ्या भावासारखा थेट बोले, आणि चांगले काम करणाऱ्यांना अभियंत्याची पदविकाही देई. १९१८मध्ये महायुद्धासाठी नाताळची खेळणीखरेदी थांबवण्याचा विचार वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला, तेव्हा गिल्बर्ट आपली खेळणी घेऊन अधिकाऱ्यांसमोर उभा राहिला. खेळण्यांतून उद्याचे कर्तबगार पुरुष घडतात, हा त्याचा युक्तिवाद. बंदी टळली. त्याच गिल्बर्टच्या कंपनीने १९५८च्या सुमारास मुलींसाठीही विज्ञानाची पेटी काढली. पेटी गुलाबी होती, आत सूक्ष्मदर्शक होता, आणि नाव होते लॅब टेक्निशियन संच. मुलगा शास्त्रज्ञ होणार, मुलगी त्याच्या काचपट्ट्या तयार करणार, हे नावातच ठरून गेले होते.

या टप्प्यावर गुलाबी रंगाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मुलींचा रंग म्हणून तो अनादी आहे असे पुष्कळांना वाटते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ सालचा, ते अडीच वर्षांचे असतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. पांढरा घोळदार फ्रॉक आणि खांद्यापर्यंत केस. त्या काळातल्या खात्यापित्या घरांत बाळ म्हणजे बाळ. मुलगा असो वा मुलगी, धुवायला सोपा असा पांढराच कपडा. मेरिलँड विद्यापीठाच्या जो पाओलेट्टी यांनी बाळांच्या कपड्यांचा हा इतिहास बारकाईने मांडला आहे. १९१८ मध्ये कपडेव्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाने सल्ला दिला होता की गुलाबी रंग ठाम आणि जोरकस, म्हणून तो मुलांना. निळा नाजूक, तो मुलींना शोभतो. १९२७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मोठ्या शहरांतल्या दुकानांची मते छापली, तर बोस्टन आणि शिकागोच्या नामांकित दुकानांनी गुलाबी रंग मुलांचा म्हणूनच सांगितला. पुढे रंगांची अदलाबदल झाली खरी, पण ती पक्की व्हायला चाळीसचे दशक उजाडले, आणि सत्तरच्या दशकात ती पुन्हा बरीच विरली.

पन्नास-साठच्या दशकांत खेळण्यांचा धंदा दूरचित्रवाणीने बदलून टाकला. मॅटेल कंपनीने १९५५ मध्ये ‘मिकी माउस क्लब’ या कार्यक्रमाचे प्रायोजकत्व घेतले, आणि जाहिरात आईच्या डोक्यावरून थेट मुलांपर्यंत पोहोचली. १९५९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात रुथ हँडलर यांनी बार्बी आणली. तिचा खप पाहून १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक काढला. जवळपास एक फूट उंची, वळणारे सांधे, बदलता येणारे कपडे. म्हणजे बाहुलाच. पण बाहुला म्हटले तर कोणता बाप आपल्या मुलासाठी घेईल, या धास्तीने कंपनीने ‘अॅक्शन फिगर’ हा नवा शब्द घडवला. तो आज जगभर रूढ आहे. मुलाच्या हातातली बाहुली लपवण्यासाठी तो जन्मला, हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मग सत्तरचे दशक. स्त्रियांची चळवळ जोरात होती. १९७२ मध्ये शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्ध कायदा झाला, त्याच वर्षी ‘मिझ’ मासिक नियमित निघू लागले. जन्मदर घटत होता, आया नोकरीवर जात होत्या. कॅटलॉगच्या पानांवर विमानाची कप्तान झालेली मुलगी आणि ओट्याशी स्वयंपाक करणारा मुलगा दिसू लागले. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७४ मध्ये ठोकळ्यांच्या खोक्यात पालकांसाठी एक चिठ्ठी घातली : निर्मितीची ओढ मुलाला आणि मुलीला सारखीच असते, त्यांना काय हवे ते बनवू द्या. १९८१ मध्ये तिची एक जाहिरात आली. दोन वेण्या, निळी डांगरी, आणि हातात कशासारखेच न दिसणारे ठोकळ्यांचे बांधकाम धरून हसणारी मुलगी. त्या खोक्यात गुलाबी ठोकळे नव्हते.

ही जाहिरात आज पुन्हा पुन्हा छापली जाते, कारण तिच्यामागोमाग दार बंद झाले.

अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या मोटारींवर बेतलेल्या व्यंगचित्रमालिकेला हरकत घेतली होती. अर्ध्या तासाची ती जाहिरातच आहे, असे आयोगाचे म्हणणे. १९७८ मध्ये व्यापार आयोगाने तर लहानग्यांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींवर बंदी घालता येईल का, याची चौकशी सुरू केली. उद्योगांनी आरडाओरडा केला आणि १९८० मध्ये संसदेने व्यापार आयोगाचेच पंख छाटले. रेगन यांच्या काळात दळणवळण आयोगाची सूत्रे मार्क फाउलर यांच्याकडे आली. दूरचित्रवाणी संच म्हणजे चित्रे दाखवणारा टोस्टर, अशी त्यांची प्रसिद्ध समजूत. १९८४ मध्ये आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरच्या मर्यादा काढून टाकल्या. आता आधी खेळणे आणि मग त्याची मालिका, असा क्रम सुरू झाला. मुलांसाठी ही-मॅन आणि ट्रान्सफॉर्मर्स. मुलींसाठी माय लिटल पोनी आणि केअर बेअर्स. ही-मॅनला १९८५ मध्ये शी-रा नावाची जुळी बहीण मिळाली. तीही तलवार चालवणारी, पण तिच्या बाहुलीबरोबर फणी येई.

मालिका विकायची तर प्रेक्षक नेमका हवा, आणि प्रेक्षक कापायची सर्वांत सोपी रेघ मुलगा-मुलगी हीच. दुसरा हिशेब घरातला. लाल सायकल ताईकडून धाकट्या भावाकडे जाते. गुलाबी सायकल जात नाही. दुसरी घ्यावी लागते. माझ्या मते गुलाबी कप्प्याचे बरेचसे रहस्य या हिशेबात आहे. केनर कंपनीची साध्या बल्बच्या उष्णतेवर केक भाजणारी छोटी भट्टी १९६३ मध्ये आली तेव्हा फिरोजी होती, पुढे खऱ्या स्वयंपाकघरांप्रमाणे तिने हिरवट रंग घेतला, आणि नंतर ती गुलाबी-जांभळी झाली. रंग आता स्वयंपाकघरावरून ठरत नव्हता, दुकानातल्या रांगेवरून ठरत होता. आशयही पालटला. विसाच्या दशकातल्या मुलीला गृहिणी व्हायचे होते, नव्वदच्या दशकातल्या मुलीला राजकन्या. झाडू गेला, मुकुट आला.

याच काळात सोनोग्राफी सर्रास झाली आणि अमेरिकन पालक बाळ जन्मण्याआधीच खोलीचा रंग ठरवू लागले. पाओलेट्टी यांनी हेही एक कारण मानले आहे. मराठी वाचकाला इथे अडखळायला होते. तेच यंत्र त्याच दशकात आपल्याकडेही आले, आणि ते कशासाठी वापरले जाते हे पाहून १९८८ मध्ये महाराष्ट्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. देशातला तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४चा. तिकडे भिंतीचा रंग ठरत होता, इकडे मुलगी जन्मणार की नाही हेच.

वाटणी आपल्यालाही नवी नव्हती. भातुकली मुलींची, विटीदांडू मुलांचा, आणि बाहुलीच्या लग्नात भावंडांतला एखादा मुलगा फार तर वरबाप किंवा जेवायला पाहुणा. ती कमी जाचक होती असे मी म्हणणार नाही. पण सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीला लाल, पिवळा, हिरवा असे सगळे रंग असत. गुलाबी रांग आपल्या मॉलमध्ये आली ती बाहेरून, तयार होऊन.

यात कोणाचे काय बिघडले, असे विचारता येईल. संगणकाचे उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी घरगुती संगणक आला तो निम्मा खेळणे म्हणून, आणि त्याच्या जाहिरातींत पडद्यासमोर बहुधा बाप आणि मुलगा. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेले निन्टेन्डोचे यंत्रही खेळण्यांच्या फळीवर बसले. १९८९च्या त्याच्या हातातल्या खेळाचे नावच गेम बॉय. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ मध्ये ३७ टक्के होते. वैद्यक, कायदा, भौतिकशास्त्र यांत ते पुढे वाढत राहिले. इथे मात्र घसरत सुमारे १८ टक्क्यांवर आले. जेन मार्गोलिस यांनी नव्वदच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलून जे टिपले त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : घरचा संगणक मुलाच्या खोलीत होता. तो लहानपणापासून त्याच्याशी खेळलेला, ती पहिल्या वर्षी प्रथमच नीट हात लावणारी, आणि प्राध्यापक गृहीत धरणार की हे सर्वांना येतेच. सगळा दोष जाहिरातींना देणे उथळ ठरेल. पण विद्यापीठाने प्रवेशाचे निकष आणि सुरुवातीचे अभ्यासक्रम बदलले तेव्हा मुलींचे प्रमाण पाच वर्षांत ७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. म्हणजे अडचण बुद्धीची नव्हती. महाराष्ट्रात बहुतेक घरांना संगणक भेटला तो कॉलेजात, कार्यालयात किंवा २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गात. तो कोणाचे खेळणे नव्हता, आणि भारतात संगणक शिकणाऱ्या मुलींचे प्रमाण अमेरिकेसारखे कोसळलेही नाही.

१९९२ मध्ये मॅटेलने बोलकी बार्बी काढली. २७० वाक्यांपैकी कोणतीही चार प्रत्येक बाहुलीत भरलेली, आणि त्यांत गणिताचा तास अवघड असल्याची एक तक्रार. विद्यापीठीय स्त्रियांच्या संघटनेने निषेध केल्यावर ते वाक्य काढले गेले. पुढच्या वर्षी काही खोडकर कलावंतांनी बोलकी बार्बी आणि बोलका सैनिक विकत घेऊन दोघांच्या आतले आवाज अदलाबदल केले आणि खोकी गुपचूप दुकानात परत ठेवली. नाताळच्या सकाळी सैनिक खरेदीच्या बेताबद्दल बोलला आणि बार्बी सूड घेण्याची भाषा करू लागली.

लेगोची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१२ मध्ये तिने मुलींसाठी गुलाबी-जांभळ्या रंगातले फ्रेंड्स संच आणले. पन्नास हजारांहून अधिक लोकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि त्याच वेळी संच धडाक्यात खपले. ज्या मुलींनी एरवी ठोकळ्यांना हात लावला नसता त्यांनी तो लावला, हे कंपनीचे म्हणणे खोडून काढणे कठीण. पण मुलींना ठोकळे आपले वाटेनासे झाले होते ते कोणामुळे, हा प्रश्न त्यात राहतोच. २०२१ मध्ये लेगोने आपल्या मालातले लिंगभेदाचे ठसे काढण्याची घोषणा केली. १९७४ची चिठ्ठी तिच्याच दप्तरात होती.

२०१२च्याच डिसेंबरात न्यू जर्सीतल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला धाकट्या भावासाठी ती बल्बवाली भट्टी हवी होती. मिळाली ती गुलाबी-जांभळीच. तिच्या अर्जावर चाळीस हजारांहून अधिक सह्या जमल्या आणि हॅस्ब्रोने काळ्या-रुपेरी रंगाची भट्टी दाखवली. ब्रिटनमध्ये पालकांनी दुकानांवरच्या पाट्या उतरवायला लावल्या, २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांनी त्या आपणहून काढल्या. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. पाचशे किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या मोठ्या दुकानांनी मुलगा-मुलगी भेद न करणारा एक कप्पा ठेवायचा. गुलाबी आणि निळे कप्पे हवे तर राहू शकतात. दंड पहिल्या वेळी २५० डॉलरपर्यंत, नंतर ५०० डॉलरपर्यंत. कायदा विटामातीच्या दुकानांपुरता आहे. मोबाइलवर खेळणी दाखवणाऱ्या दुकानांना तो लागू नाही.